आक्काची नागीण

आमच्या घराण्यात कुठलंही कार्य निघालं की यादी माझ्याकडे येते. मी बेळगावला खासबागेत राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे, आणि माझ्या हातून यादीतली वस्तू सुटत नाही असा माझा लौकिक आहे. म्हणून थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, बोरगावात नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी मला बोलावून घेतलं.

केळीची पानं किती, आहेराची साडी कुणाला कुठल्या दर्जाची, कुठल्या पाव्हण्याला कुणाच्या पंगतीत बसवायचं नाही, हे सगळं बारकाईनं ठरत होतं. या बाबतीत आमची माणसं अतिशय दक्ष आहेत. हॉलमधल्या एका फरशीला केसाएवढी चीर होती. ती दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, हेरली आणि दुकानदाराला गाडीवर बसवून आणून, दाखवून, बदलून घेतली. "पारखी डोळा लागतो त्याला," असं ते मला सांगत होते.

त्या दुपारी आक्का माझ्यासमोर नवे ब्लाऊज घालून बघत होती. डावी बाजू उजवीपेक्षा सैल दिसली.

"टेलरनं घोळ घातलाय," मी म्हणाले. "परत दे."

"त्यानं न्हाय गं. मीच सांगितलंतं, डावीकडं जरा सैल सोड म्हणून."

"का?"

"दाटतंय जरा."

एकाच बाजूला दाटणारा ब्लाऊज माझ्या हिशेबात बसेना. मी दार लावलं आणि तिला हुक काढायला लावले.

आधी एक सांगून टाकते. यापुढे मी स्तन हा शब्द लिहिणार आहे, पण आमच्याकडे तो बोलण्यात नाही. तो शाळेच्या पुस्तकात असतो. आमच्याकडे 'तिथं' असतं. अगदीच नाइलाज झाला तर 'छातीला'. दोन लेकरं अंगावर पाजून मोठी केलेली बाईसुद्धा त्या अवयवाचा उल्लेख दिशा दाखवल्यासारखा करते.

तर आक्काच्या डाव्या स्तनाचा खालचा अर्धा भाग लालसर जांभळा झाला होता. कातडी जाड आणि ताणलेली, आणि तिच्यावर बारीक बारीक खळगे, मोसंबीच्या सालीवर असतात तसे. बोंड आत ओढलेलं. हात लावला तर उजव्यापेक्षा गरम. आणि या सगळ्याभोवती, अतिशय निगुतीनं ओढलेली, कावेची, म्हणजे गेरूची, तांबडी रेघ.

"हे काय?"

"नागीण," आक्का म्हणाली. पाव्हणी आलीय म्हणावं इतक्या सहज.

डॉक्टर जिला नागीण म्हणतात ती वेगळी. तिला पाण्याचे फोड येतात, अंगाची आग आग होते, आणि दोन-चार आठवड्यांत ती खपली धरून वाळते. आमच्या भागातली नागीण जास्त उदार आहे. एका बाजूला लाल उठलं की झाली नागीण. फोड नसले तरी चालतात, आग नसली तरी चालते. तिचा नियम एकच: तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळता कामा नये. मिळालं की माणूस गेला. मिळालं नाही तोवर खुशाल असावं.

ती उतरवणारा एक माणूस सदलग्याच्या पुढं एका वस्तीवर राहतो. तो फार मर्यादशील. परक्या बाईच्या अंगाकडे बघत नाही. त्यानं दाजींच्या पंज्यावर काव लावून रेघ कशी फिरवायची ते दाखवलं. दाजींनी घरी येऊन ते आपल्या आईला दाखवलं. आणि आईनं, म्हणजे आक्काच्या सासूनं, जिला आम्ही सगळे आत्ती म्हणतो, ते सुनेच्या छातीवर केलं. दर रविवारी आणि मंगळवारी जुनी रेघ पुसून, चट्ट्याची कड धरून नवी. थोडक्यात, ज्याला रोग कळतो म्हणतात त्यानं तो बघितला नाही, ज्यानं जाऊन सांगितला त्यानंही बघितला नाही, आणि जी बघत होती तिला फक्त तोंड आणि शेपूट बघायचं होतं.

गंमत म्हणजे, रेघ दर खेपेला मोठी होत होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर चर्चाही व्हायची. "वाढालीया, पर तोंड अजून लई लांब हाय," असा आत्तींचा निर्वाळा. एवढी नेमकी पाहणी फार कमी रोग्यांच्या वाट्याला येते.

औषधोपचारही झाले होते. दाजी निपाणीला मेडिकलच्या दुकानात गेले आणि चट्ट्याचं मलम मागितलं. दुकानदारानं विचारलं, कुठं उठलंय? दाजी म्हणाले, हाताला. कुणाच्या? माझ्याच. दुकानदारानं हातासाठी चांगलं मलम दिलं. त्यानं हात दाखवा म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही आनंदानं करते.

"कधीपासनं हाय हे?" मी आक्काला विचारलं.

"शिमग्याच्या आधीपासनं असंल."

पाडवा होऊन गेला होता आणि अक्षयतृतीया तोंडावर आली होती.

"दुखतंय?"

"न्हाय की. तेच तर. दुखलं असतं तर मीच गेलो नसतो व्हय डॉक्टराकडं?"

हा आमचा दुसरा नियम. दुखलं तर आजार, नाही दुखलं तर लाड.

मी मागच्या दारी जाऊन बेळगावच्या माझ्या ओळखीच्या बाई डॉक्टरांना फोन लावला. त्यांना लांबण आवडत नाही, म्हणूनच आमचं जमतं.

"वय?"

"पन्नाशीच्या पुढं."

"अंगावर पाजते?"

"तिचा धाकटा पुण्यात नोकरीला आहे."

"ताप? फोड?"

"दोन्ही नाही. लाल आहे, गरम आहे, कातडी जाड झालीय. बोंड आत गेलंय. गाठ काही हाताला लागत नाही."

"गाठ नसली तरी आणा. गाठ न होता नुसता कातडीवर दिसणारा कॅन्सर असतो. तो नसेलही, जंतूंमुळं आलेली सूज असेल. पण ते मी बघून आणि तपासून ठरवणार. उद्या या."

"पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे."

"मी वास्तुशांतीचं विचारलं नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी सोप्यात येऊन जाहीर केलं की उद्या सकाळी आक्काला घेऊन मी बेळगावला जाणार. आत्ती वाती वळत बसल्या होत्या. दाजी टीव्हीवर बातम्या ऐकत होते.

"नागिणीला डॉक्टर?" आत्तींनी वात खाली ठेवली. "पोरी, सुई टोचली तर आत शिरती ती. आमच्या भावकीतल्या एकीची शिरलीती."

"मग काय झालं तिला?"

"गेली की."

"कशानं?"

"आता ते काय म्हाइती? सुई टोचली, आन् गेली."

"कार्य आठ दिवसांवर आलंय, मेव्हणीबाई," दाजी टीव्हीकडे बघत म्हणाले. "शांत होऊ दे. मग सवडीनं निवांत दावू."

निवांत हा शब्द ऐकून मला बरं वाटलं. एवढा वेळ कुणी घाई करत होतं असा माझा गैरसमज झाला असता.

तरी दाजी अगदीच निष्क्रिय राहिले असं म्हणता येणार नाही. त्यांनी भाऊबंदांना फोन लावले. सीमाभागात राहण्याचा फायदा असा की आजारी माणसाला कुठल्या राज्यात न्यायचं इथपासून वाद घालता येतो. एक चुलत भाऊ म्हणाला कोल्हापूर, माणसं आपली, भाषा आपली. दुसरा म्हणाला मिरज, पूर्वापार आपण मिरजेलाच जातो. तिसरा म्हणाला, रेशन कार्ड कर्नाटकाचं, मग सवलत तिकडं कशी मिळंल, आधी चौकशी करा. पुण्याहून मुलगा म्हणाला, घाईनं काही करू नका, दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या. पहिलं मत अजून कुणी घेतलं नव्हतं, पण दुसऱ्यासाठी तीन शहरं तयार होती. आणि यातल्या एकालाही काय झालंय ते माहीत नव्हतं, कारण दाजींनी प्रत्येकाला एवढंच सांगितलं होतं, "हिला जरा कातड्याचं हाय."

शेवटी मी त्यांना समजेल अशा विषयावर आले.

"दाजी, म्हशीची कास एका बाजूनं लाल झाली, टणक झाली, सड आत ओढला. काय करतासा?"

दाजींनी पहिल्यांदा टीव्हीवरून नजर काढली. "दगडी म्हणायचं त्याला. डॉक्टराला फोन लावायचा."

"कधी?"

"कधी म्हंजे? तवाच. कास गेली की म्हस गेली."

"शांत झाल्यावर न्हाय? निवांत?"

दाजींनी रिमोट उचलला. "म्हशीचं येगळं असतंय."

"व्हय, ती दूध देती अजून."

"सोड गं म्हशीला," आतून आवाज आला.

आक्का चुलीपुढून उठून दारात आली होती. कोपरापर्यंत पीठ. "मघाधरनं तुम्ही तिघं माझ्या छातीवर मत द्यायलायसा, आन् मी आत भाकरी थापायलोय. मला इचारलं का कुणी?"

"तुला काय इचारायचं?" आत्ती म्हणाल्या. "नागीण हाय. उतरंल."

"न्हाय उतरत ती, आत्ती. तुमची रेघ दर वक्ताला लांब चाललीया, ते मला दिसतंय की. अंग माझंच हाय. नागीण न्हवं ही, हे मला कवाच कळलंय."

दाजी गोंधळले. "मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुमास्नी? तिथं कायतरी झालंय म्हटलं, तर तुम्ही त्या टीव्हीचा आवाज वाढवलासा."

टीव्हीवर कुणीतरी कुणाच्या तरी राजीनाम्याची मागणी करत होतं. दाजींनी तो बंद केला.

"दोन वर्सं त्या नव्या घरावर पाणी मारलंय मी," आक्का म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "होमाला मला बसायचंय. आधी डॉक्टराकडं गेलो आन् कायतरी वंगाळ निघालं, तर तुम्ही मला बसू द्यायचा न्हाईसा. आजारी बाई कशाला म्हणून थोरल्या जावंला बसवशिला. म्हणून गप बसलोतो. एकदा शांत होऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे."

आत्तींनी वातीचा कापूस पुन्हा हातात घेतला, यावरून काय ते मला समजलं. त्यांनी मनात थोरल्या सुनेची साडीसुद्धा ठरवली असणार.

मी म्हणाले, "आक्का, उद्या डॉक्टर, आणि होम ठरल्या दिवशी. होमाला तूच बसशील. दुसरं कुणी बसलं तर मी यादीतनं भटजीच काढून टाकते. मग बसा चर्चा करत, कर्नाटकातला आणायचा का महाराष्ट्रातला."

आक्का हसली. दाजी म्हणाले, "सकाळी किती वाजता गाडी आणू?"

बेळगावला डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत गर्दी होती. "कुंद्री अक्का, कुंद्री," असं म्हणत नर्सनं आक्काला खुर्ची दिली आणि दाजींना कानडीत विचारलं, काय त्रास आहे? दाजींना कानडी उत्तम येते. ऊस, बँक, पंचायत, सगळं ते कानडीत निभावतात. आज त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग त्यांनी एकदा खाकरून ते सांगितलं, कानडीत, आणि जितकं हळू सांगता येईल तितकं हळू. नर्सनं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाकडे वळली. आभाळ कोसळलं नाही.

आत डॉक्टरांनी आक्काला हात वर करायला लावले, कमरेवर ठेवायला लावले, पुढं वाकायला लावलं. दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते बघितलं. काखेत चाचपलं.

"ही रेघ कुणी काढली?"

"सासूनं."

"हात स्थिर आहे त्यांचा," डॉक्टर म्हणाल्या. एवढंच. त्या रागावल्या असत्या तर आक्का पुन्हा आली नसती, हे त्यांना माहीत असावं.

मग स्तनाचा एक्स-रे, सोनोग्राफी, आणि भूल देऊन कातडीचा आणि आतला तुकडा घेणं. नागीण आत शिरू शकेल असा तो क्षण आला आणि गेला.

कपडे नीट करून झाल्यावर आक्कानं विचारलं, "उशीर झालाय व्हय?"

"झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या वास्तुशांतीनंतर आला असता तर आणखी झाला असता."

होमाला आक्काच बसली. ब्लाऊजच्या आत पट्टी होती, आणि धुरानं डोळे भरले की तेवढ्यापुरतं कुणाला काही विचारता येत नव्हतं. थोरली जाऊ तूप वाढत होती आणि तिचं तोंड बघण्यासारखं होतं. पाव्हण्यांनी फरशी नावाजली.

रिपोर्ट नंतर आला. कॅन्सर होता, कातडीतल्या बारीक रसवाहिन्यांत पसरणारा, सुजेसारखा दिसणारा. डॉक्टरांनी क्रम सांगितला: आधी औषधं, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. क्रम असला की मला धीर येतो. आक्काला येतो की नाही ते मी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर ती खिडकीतून उसाकडे बघत होती आणि दाजी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होते.

त्यानंतर मला आमच्या नात्यातल्या बायकांचे फोन येऊ लागले. सुरुवात सगळ्यांची एकच, "सहज केलतो गं." मग हवापाणी, मग मुलांची लग्नं, मग आवाज बारीक करून, "आक्काला नेमकं काय दिसलंतं?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. डॉक्टरांना विचारून लिहिलं आहे, माझ्या पदरचं काही नाही.

स्तनावर खळगा पडला, कातडी मोसंबीच्या सालीसारखी दिसू लागली, जाड झाली, लाल किंवा काळपट झाली, एक बाजू अचानक मोठी किंवा गरम वाटू लागली. बोंड पूर्वी बाहेर होतं ते आत गेलं. बोंडावर खपल्या धरल्या, खाज सुटली आणि मलम लावूनही ते बरं होईना. न भरणारी जखम झाली, दूध पाजत नसताना बोंडातून पाणी किंवा रक्त आलं. काखेत गाठ लागली. यातलं काहीही नवीन दिसलं तर डॉक्टरकडे जायचं, त्याच आठवड्यात. गाठ लागायची वाट बघायची नाही, दुखायची तर मुळीच नाही. बहुतेक वेळा ते दुसरंच काहीतरी निघतं: जंतू, घामोळं, गजकर्ण. फार छान. मग त्याचं औषध घेऊन घरी यायचं. डॉक्टरांनी जंतूंच्या गोळ्या दिल्या आणि आठवड्या-दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर 'गुण नाही' म्हणून घरी रुसून बसायचं नाही, पुन्हा जायचं आणि तसं सांगायचं. पाजणाऱ्या आईला लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी. आणि हे सगळं कळायला आधी आपलं अंग आपण उजेडात बघितलेलं असावं लागतं. आम्ही फरशी बघतो, तशी.

आत्तींना मी ही यादी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढं सगळं बघत बसलं तर बाईमाणसानं काम कवा करायचं?" मग त्यांनी थोड्या वेळानं विचारलं की घामोळं आणि ते दुसरं, यातला फरक कसा कळतो. मी म्हणाले, तो कळायलाच डॉक्टर असतात. काव लावणं बंद झालं आहे, पण बंद केलं असं त्या अजून म्हणत नाहीत.

आक्काची औषधं चालू आहेत. केस गेले. लाली बरीच उतरली आहे. डॉक्टर समाधानी आहेत, पण वचन देत नाहीत, आणि आक्का मागत नाही. ऑपरेशन पुढं आहे.

गेल्या खेपेला औषध देऊन आम्ही तिला बोरगावला परत नेत होतो. चिकोडीच्या फाट्याजवळ तिचा फोन वाजला. गल्लीतली एक बाई होती. आक्काला मळमळत होतं, तरी तिनं तो घेतला. मी म्हटलं, ठेव, नंतर बोल. तिनं हातानंच मला गप्प केलं.

"व्हय, बोल... किती दिस झालं?... एकाच बाजूला हाय का दोन्ही?... मलम कुणी दिलं? त्यानं बघितलं का न बघताच दिलं?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "कुणाला कळलं तर कळू दे की. मला झालंय ते साऱ्या गावाला कळलंय, काय झालं? दोन दिस बोलल्या बायका, मग ऊस तोडायला गेल्या... न्हाय, दुखायची वाट बघू नगं. उद्या सकाळी जा... नवरा न्हाय म्हणतोय?"

आक्कानं फोन कानापासून जरा लांब धरला आणि पुढं वाकून दाजींच्या खांद्यावर टिचकी मारली.

"उद्या गाडी मोकळी हाय का?"

"हाय की," दाजी म्हणाले.

"मग तिच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्याला तुम्हीच सांगा काय ते. आन् 'तिथं' म्हणू नगासा. नीट नाव घेऊन सांगा."

दाजींनी आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सांगतो."

"आलेत बघ हे उद्या आठाला," आक्का फोनमध्ये म्हणाली. "आवरून बस."